स्वेच्छेने बाहेर

स्पिरिटचा वास आला की नाशिकच्या त्या दवाखान्यातली मागची खोली आठवते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी तिथे सांधेदुखीच्या एका नव्या औषधाच्या चाचणीची माहिती संगणकावर भरत असे. चाचणीत मखमलाबादच्या, झेंडू विकणाऱ्या एक मावशी होत्या. "गुडघ्याला लय गुण हाय, पन पोटात आग पडती," असं त्या मला सांगायच्या. एके दिवशी त्यांना रक्ताची उलटी झाली आणि औषध बंद करावं लागलं. शेवटचा तक्ता करताना मोठ्या डॉक्टरांनी फायद्यांचे रकाने ठळक करायला लावले आणि मावशींची नोंद 'स्वेच्छेने बाहेर' अशी करायला सांगितली. "सर, त्यांना रक्ताची उलटी झाली होती," मी म्हणाले. "एका बाईसाठी सगळा तक्ता बिघडवायचा का?" त्यांनी विचारलं. मी मावशींची नोंद दुष्परिणामांच्याच रकान्यात भरली, छापील प्रत डॉक्टरांसमोर ठेवली आणि तिथून निघाले ती कायमची. अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात मावशी स्वेच्छेनेच बाहेर पडलेल्या होत्या. आजही कुणी नव्या औषधाचे गुण सांगू लागलं की मी आधी विचारते, मधेच सोडून गेलेली माणसं नेमकी कशामुळे गेली?