आधी राणीला, मग नवरीला

धंद्याच्या हिशेबानं बघितलं, तर बद्रुन्निसाचं वेल्ह्याच्या बाजूला जाणं म्हणजे निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार होता. ती कामथडीची. वरवे, शिवरे ही हमरस्त्यावरची गावं हाताशी. तिथल्या बायका सणासुदीला तिची वाट बघत बसायच्या. तरीही वर्षातून तीन-चार वेळा ती बांगड्यांची टोपली घेऊन एस.टी.त चढायची, टोपलीपायी कंडक्टरची बोलणी खायची, वाटेत उतरून राजगडाच्या पायथ्याच्या वाड्या पायी तुडवायची आणि निम्मा माल तसाच घेऊन परत यायची. तिचा नवरा शब्बीर रस्त्याकडेला पंक्चर काढायचा. बाई डोंगरात कशाला जाते म्हणून कुणी विचारलंच, तर तो टायरवरची नजर न काढता सांगायचा की तिला तिकडची हवा मानवते.

हवेचं नाव पुढं करायचं, एवढंच. खरं कारण होतं कोमल.

वीस वर्षांमागं कामथडीत त्यांच्या शेजारी कुंडलिक राहायचा. मजुरीवर पोट असलेला, अबोल गडी. त्याची बायको बाळंत झाली आणि बारशाच्या आतच गेली. पोर तेवढी राहिली. कुंडलिकची म्हातारी आई साळूबाई ती पोर घेऊन घरोघर हिंडली. कुणी साखरपाणी दिलं, कुणी नुसती हळहळ. शेवटी भर दुपारी ती मागच्या दारानं बद्रुन्निसाकडं आली. पुढच्या दारानं यायला तिला लोकांची भीती वाटली असावी, आणि त्याबद्दल तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. बद्रुन्निसाचा मतीन तेव्हा अंगावर पीत होता. तिनं मतीनला एका बाजूला सरकवलं आणि पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं. म्हातारीनं सांगायचं म्हणून काही बोलणं पाठ करून आणलं होतं, ते सगळं तिच्या तोंडातच राहिलं.

संध्याकाळी शब्बीरला कळलं तेव्हा त्यानं एवढंच बजावलं, की दूध पाजलंस म्हणजे ती तुझी लेक झाली आणि मतीनची बहीण झाली. आपल्यात हे नातं मरेपर्यंत सुटत नसतं, नीट विचार कर. बद्रुन्निसा म्हणाली, विचार करायच्या आधीच ती प्याली. दीड वर्ष दोन्ही पोरं एकाच पदराखाली वाढली.

मग कुंडलिकनं दुसरं लग्न केलं. सोजराबाई राजगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतली. बापाच्या शेळ्या, थोडी जमीन, पाठीवर भाऊ नाही. कुंडलिक तिकडंच राहायला गेला. पोरीला न्यायला सोजराबाई स्वतः कामथडीत आली होती. नवं लुगडं नेसलेली, विशीतली पोरच ती. बद्रुन्निसाच्या हातून कोमलला घेताना तिनं खाली बघत म्हटलं होतं, "भाभी, हिला कदी सांगू नका. जन्म तिच्या आयनं दिला, दूद तुमी पाजलं. मग माझ्या वाट्याला काय ऱ्हायलं?"

बद्रुन्निसानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. त्या रात्री तिचा पदर दुधानं भिजला आणि मतीन एकटाच पिऊन झोपला, हे तिनं नंतर फक्त शब्बीरला सांगितलं.

पुढं साळूबाई गेली आणि ही गोष्ट जाणणारं कामथडीतही फारसं कुणी उरलं नाही. वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं की कोमल शेळीच्या दुधावर वाढली. पोरं तिला चिडवायची, ती उड्या मारत निघाली की बें बें करायची, आणि तीही न रुसता बें करून उत्तर द्यायची. सोजराबाईला स्वतःचं मूल झालं नाही. तिनं या पोरीला इतकं जपलं की बघणाऱ्यानं हेवा करावा. बद्रुन्निसा तो करायचीही, उगाच खोटं कशाला बोला.

पण बांगड्या भरायचं काम असं आहे, की त्यात दुसऱ्याचा हात आपल्या हातात घ्यावाच लागतो. टोपली उतरली की कोमल पुढं येऊन बसायची. बद्रुन्निसा तिला आपल्या मतीनच्या गोष्टी सांगत तिची बोटं चेपायची, अंगठा आत दुमडायची, हात सैल सोड म्हणायची. इतर बायकांचे हात ती बोलता बोलता भरून टाकायची. कोमलच्या हाताला मात्र वेळ लागायचा. चाची, माझाच हात कसा गं एवढा अवघड, असं कोमल विचारायची. हाडं जून आहेत तुझी, असं काहीतरी ठोकून बद्रुन्निसा वेळ मारून न्यायची. सोजराबाई चुलीपाशी पाठमोरी बसून ऐकायची आणि भाभींना चहा ठेवायची. वीस वर्षांत त्या विषयावर दोघींमध्ये एक शब्दही झाला नाही.

नव्व्याण्णवच्या वैशाखात कोमलचं लग्न ठरलं. चुडा भरायला अर्थातच बद्रुन्निसाला बोलावणं आलं. सोजराबाईच्या माहेरची एक रीत होती: नवरीचा चुडा घरात भरायचा नाही. पाल गावात सईबाई राणीसाहेबांची समाधी आहे, तिथं जायचं. आधी राणीला हिरव्या बांगड्या वाहायच्या, मग नवरीला भरायच्या. राणी अहेवपणी गेली, म्हणून तिचा आशीर्वाद घ्यायचा, असं जुन्या बायकांचं म्हणणं. बद्रुन्निसानं आजवर अशा किती नवऱ्यांसाठी तिथं बांगड्या नेल्या होत्या, पण चौथऱ्यापर्यंत ती कधी गेली नव्हती. टोपली पुढं द्यायची आणि आपण झाडाखाली थांबायचं. कुणी अडवलं नव्हतं. तिचं तिलाच अवघडायचं.

त्या दिवशी कोमलनं तिला झाडाखाली थांबू दिलं नाही. हाताला धरून ओढतच नेली.

समाधी म्हणजे एक साधा दगडी चौथरा. भोवती वाळलेलं गवत, वर उन्हात तापलेला गड. बद्रुन्निसाला वाटलं होतं, राणीची जागा म्हणजे काही थाट असेल. इतकी साधी जागा बघून तिला राणीबद्दल एकदम आपलेपणा वाटला. रखमाजी नावाचे गावातले म्हातारे हौसेनं तिथं झाडलोट करायचे आणि आल्यागेल्याला माहिती सांगायचे. त्यांनी कोमललाही सांगितली. राणी हितंच गडावर गेल्या. शंभूराजे तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे. त्याआधीही राणी आजारी, अंगावर दूध नाही. म्हणून कापूरहोळच्या धाराऊनं बाळाला पाजलं. एवढ्या मोठ्या घरचं पोर, पण जगलं ते त्या माउलीच्या दुधावर, असं म्हणून रखमाजींनी राणी आणि धाराऊ दोघींनाही हात जोडले आणि ते झाडू घेऊन पलीकडं गेले.

सोजराबाई खणावर तांदूळ ठेवत होती. कोमल हसत म्हणाली, "धाराऊचं नाव तरी ऱ्हायलं. माजी दूदआई शेळी. ती कुणी खाल्ली का इकली, कुणाला ठावं." मग तिचं हसू ओसरलं. "आज ती असती, तर म्या पयली तिची वटी भरली असती."

बद्रुन्निसानं टोपलीत मान घातली. एक शब्द पुरे होता. तो जिभेच्या टोकावर आला, तिथं थांबला, आणि दिलेल्या वचनाला जागून तिनं तो गिळला. "शेळीचं दूद लई गुणाचं असतं, बाय," ती म्हणाली आणि उगीचच बांगड्यांचे दोरे सोडू लागली. तिच्या हातातलं एक काकण पिचलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात तिच्या हातून असं होत नसे.

तो आवाज ऐकून सोजराबाईनं वर बघितलं. पोर परवा सासरी जाणार. आता हिला राखून ठेवायचं तरी कुणापासून, असं काहीसं तिच्या मनात आलं असावं. ती लेकीकडं वळली.

"शेळी नव्हती, कोमल," ती म्हणाली. "ह्या होत्या. दीड वरीस ह्यांनी पाजलं तुला. म्याच सांगू नका म्हनलं हुतं."

पोरीनं तोंड फिरवलं तर? मुसलमानाघरचं दूध म्हणून मन विटलं तर? त्यापेक्षा ती शेळीच बरी होती, असं बद्रुन्निसाला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. तिनं नजर खाली वळवली.

कोमल तिच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. बद्रुन्निसानं पहिलं काकण चढवायला घेतलं, पण तिला काही दिसेना. मग सोजराबाई येऊन शेजारी बसली. तिनं लेकीचं मनगट धरलं आणि बद्रुन्निसानं काकणं चढवली. राणीच्या बांगड्या वाहायच्या राहूनच गेल्या होत्या. रीत उलटी झाली, हे त्यांच्या ध्यानात चुडा भरून झाल्यावर आलं. सोजराबाईनं चौथऱ्याला हात लावला आणि आज तेवढं सांभाळून घे म्हणून राणीची विनवणी केली.

उठता उठता कोमल म्हणाली, "म्हंजी मतीनदादा माजा भाऊ."

"व्हय," बद्रुन्निसा म्हणाली.

"मग कानपिळीला त्यो चुलत्याचा पोरगा कशाला? त्याला तर मी नीट वळखत बी न्हाई." नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. कोमलनं आईकडं बघितलं. सोजराबाईनं डोळ्यांना पदर लावून मान हलवली आणि भाभींना सांगितलं की मतीनला वेळेवर पाठवा, पोराकडचे लोक उगीच खोळंबायला नकोत.

बद्रुन्निसा घरी पोचली तेव्हा मतीन दारात टेम्पो धूत होता. आपल्याला एक दूधबहीण आहे, हे त्याला लहानपणापासून सांगितलेलं होतं. तिच्या लग्नाला जायचं नाही, हेही सांगितलेलं होतं. आईनं समाधीपाशी घडलेलं सगळं सांगितलं. त्यानं पाण्याचा नळ बंद केला, हात पुसले, ते पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"अम्मी," तो म्हणाला, "कान उजवा पिळायचा का डावा?"

तिला माहीत नव्हतं. त्यांच्यात ही रीत नाही, आणि असती तरी मतीनला दुसरी बहीण नव्हती. ती उंबऱ्यावर बसली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा दारातच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, मोकळेपणी रडली. "सोजराबाईला इचारू," ती म्हणाली.