साहेब येणार म्हणून

मेक्सिकोतल्या माया लोकांची दगडी मंदिरं मी तिसगावच्या शाळेत तीस वर्षं शिकवली, ती फक्त चित्रातून. पोरं हमखास विचारायची, "सर, तुमी गेल्ता का तिकडं?" मग वैतागून मी त्यांना जवळच्या माझ्या गावी, पांढरीवर न्यायचो. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. राखेसारखी माती आणि पावलोपावली नक्षीच्या खापऱ्या. हजारो वर्षांपूर्वी इथं कुणीतरी रांधत होतं, एवढं सांगितलं की आगाऊ पोरंसुद्धा गप्प व्हायची.

निवृत्तीनंतर नगरला राहायला आलो आणि ती जागा सरकारदरबारी नोंदवायचं मनावर घेतलं. नोंद झाली की कुणी माती उपसणार नाही, एवढीच आशा. अर्ज करून करून चपला झिजल्या, गुडघे गेले. शेवटी यंदा पुरातत्त्वाचे साहेब पाहणीला येणार असं पत्र आलं. ग्रामसभेत जाऊन मी हात जोडले. म्हणालो, "साहेब येतायत, गावाची लाज राखा."

ठरल्या दिवशी साहेबांच्याच जीपमधून गेलो. बघतो तर टेकाड नाहीच. सपाट मैदान, त्यावर मुरूम, मांडव, खुर्च्या, रांगोळी. सरपंच हार घेऊन पुढं आले.

"सर, जेसीबी लावून समदं सारखं केलं. सायबांच्या पायात रुतायला नको म्हनून बायांनी खापऱ्या बी येचल्या. दोन ट्रॉल्या निघाल्या बगा! बंधाऱ्याच्या भरावात टाकल्या."

शाबासकी मिळेल म्हणून ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मला धड रागसुद्धा आला नाही, इतका मी थकलो होतो. ओरडणार तरी कुणावर? टेकाडाला हात लावू नका, हे एक वाक्य माझंच बोलायचं राहिलं होतं.

साहेब भला माणूस. खापऱ्या परत आणवतो म्हणालो, तर हळूच म्हणाले, "सर, जागेवरून हलल्यावर त्यांचा पुरावा धरता येत नाही."

शाल, श्रीफळ, पोहे, चहा, सगळं रीतसर झालं. मग मांडवातच त्यांनी पंचनामा लिहिला. पाहणी केली, प्राचीन अवशेष आढळून आले नाहीत. पंच म्हणून गावातला जाणकार माणूस हवा होता. सगळ्यांनी एका सुरात मला पुढं केलं. सरपंचांनी स्वतःच्या खिशातलं पेन दिलं, आणि मी सही केली.