एक हात मोकळा

नसीमआपा कुणालाही दोन्ही हातांनी आवळून धरत नसत. ईदला मिठी मारतानासुद्धा समोरच्याचा एक हात बाहेर राहील अशा बेताने त्या तिरक्या येत. सुरुवातीला मला वाटलं, ओळख नवी आहे म्हणून हातचं राखून भेटतात. मग गावाहून आलेल्या त्यांच्या आईलाही त्या तशाच भेटताना पाहिल्या आणि न राहवून विचारलं. म्हणाल्या, "माणूस कधी पडंल सांगता येत नाय, बाय. टेकायला एक हात लागतो."

आखातात, अल कुसैसमधल्या आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं. नवऱ्याचा मोटारींच्या सुट्या भागांचा धंदा, त्या स्वतः एका कार्गो कंपनीत हिशेबाला. शाळेत असताना कबड्डी खेळायच्या. एकदा चढाईला आलेल्या मैत्रिणीला त्यांनी मागून दोन्ही हातांसकट कवटाळून पाडलं आणि तिचे पुढचे दोन दात गेले. पुढे तीच त्यांची नणंद झाली. "माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती तोंड मिटून उभी हाय," आपा सांगत. सांगताना हसत, पण ही गोष्ट त्या जरा जास्तच वेळा सांगत असं मला वाटे.

त्यांची झोया आणि माझी अन्वी एका वर्गात. शाळेतल्या ऑस्ट्रेलियन पीटीच्या बाईंनी दोघींना आपल्या देशाच्या फुटबॉलचं वेड लावलं आणि दर शनिवारी आम्ही क्लबच्या मैदानावर जाऊ लागलो. लांबुळका चेंडू, लंबगोल मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू घेऊन पळायचं, लाथेने उडवायचा आणि जिच्याकडे चेंडू असेल तिला धरून खाली ओढायचं. याला टॅकल म्हणतात. डोक्यावर काही नाही, अंगावर काही नाही. पहिला सामना मी बोटांच्या फटीतून पाहिला. पुढे मुलींच्या सामन्यांना पंच मिळेना, तेव्हा आपा उठल्या. "धराधरी मला कळते," म्हणाल्या. हिजाबवर टोपी, गळ्यात शिट्टी, आणि पळणं असं की तरुण पोरींनी मागे राहावं.

माझी भीती त्यांना लांबूनही दिसे. जवळून पळत जाता जाता म्हणत, "तू बॉल बघतेस म्हणून घाबरतेस. हात बघ. दोन्ही हात बांधलेले दिसले की मग घाबर." मी हात पाहायचा प्रयत्न करी, पण अन्वीच्या हातात चेंडू आला की माझी नजर चेंडूवरच खिळायची.

जानेवारीतल्या एका सरावाच्या सामन्यात झोया समोरच्या संघात होती. अन्वी चेंडू घेऊन पळाली, झोयाने तिला मागून दोन्ही हातांसकट धरलं आणि दोघी कोसळल्या. ते मैदान दिसायला हिरवंगार, पण खालची जमीन टणक. डोकं आपटल्याचा आवाज मी कडेला उभी असून ऐकला. त्यानंतर आपांची शिट्टी वाजली. अन्वी उठून बसली आणि तिने मला विचारलं, "आई, डिड वुई विन?" मी सांगितलं, सामना अजून चालू आहे. तिने मान डोलावली आणि पुन्हा तेच विचारलं. मी तिला तडक दवाखान्यात नेलं.

मेंदूला हादरा बसलाय, डॉक्टर म्हणाले. पडदे ओढलेल्या खोलीत ती पडून असे. पुस्तक नाही, फोन नाही, जरा उजेड आला की डोकं दुखे. ती काही विसरली की मला घाम फुटायचा, आणि तेरा वर्षांची मुलगी काय कमी विसरते? आपा रोज संध्याकाळी सूप घेऊन वर येत, दाराशीच भांडं देत आणि आत न बसता जात. झोया आलीच नाही.

मग क्लबने पालकांची बैठक घेतली. प्रस्ताव असा होता, की दोन्ही हात बांधून पाडलं तर लगेच शिट्टी, समोरच्या संघाला फ्री किक आणि पाडणारी खेळाडू बाहेर, लागलेलं असो वा नसो. एक उंच ऑस्ट्रेलियन वडील म्हणाले, असेच नियम वाढत गेले तर खेळ उरणार नाही. आमच्या देशात घरोघरी हाच वाद चाललाय, असंही ते म्हणाले. कुणी म्हणालं, झोयाने काही मुद्दाम केलं नव्हतं. कुणी म्हणालं, शिक्षा करायचीच तर लागेल तेव्हाच करा. मी उठून थरथरत्या इंग्रजीत सांगितलं की टॅकलच बंद करा.

तेव्हा आपा उभ्या राहिल्या. त्या हिंदी-इंग्रजी मिसळून बोलत होत्या, पण शब्दन् शब्द माझ्या लक्षात आहे. त्यांनी सांगितलं, त्या दिवशी पूर्वार्धात झोयाने आणखी एका मुलीला अगदी तसंच पाडलं होतं. ती मुलगी हसत उठली, पालकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तोंडापर्यंत नेलेली शिट्टी आपांनी खाली घेतली होती. "तेव्हा वाजवली असती, तर माझी पोरगी दुसऱ्यांदा तशी धरती ना," त्या म्हणाल्या. "लागलं की नाही लागलं, हे नशीब. पंच नशीब बघायला उभा नसतो." मग उंच वडिलांकडे वळून म्हणाल्या, "टॅकल ठेवा. धरायला मलाही आवडतं. पण एक हात मोकळा ठेवून." नियम मंजूर झाला. त्या वडिलांनीही सर्वांत शेवटी, पण हात वर केला.

मी मात्र पेटले होते. इतके दिवस सूप देतात आणि हे सांगत नाहीत! पुढचे काही दिवस मी लिफ्टमध्ये त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी माफी मागितली नाही, की सारवासारव केली नाही. एका शुक्रवारी झोया डोक्यावर गादी घेऊन दारात उभी राहिली. "मम्मीने पाठवलंय. पडायचं कसं ते शिकायला." आधी माझ्याकडे पाहिलं, मग आत अन्वीकडे पाहून रडायला लागली. अन्वीला अजून परवानगी नव्हती, म्हणून ती सोफ्यावर बसून हुकूम सोडी आणि झोया एकटीच आमच्या हॉलमध्ये धपाधप पडे. खालच्या मजल्यावरून तक्रार येण्याचा प्रश्नच नव्हता.

डॉक्टरांनी हळूहळू खेळायला परवानगी दिली. मी दिली नाही. आणखी एक तपासणी, आणखी एक आठवडा, असं चालू होतं. शेवटी अन्वी म्हणाली, "आई, एव्हरीवन हॅज लेट गो. ओन्ली यू आर स्टिल टॅकलिंग मी." मी खाली गेले. आपांनी हो म्हणावं अशी माझी इच्छा होती. उद्या काही झालंच तर बोट दाखवायला कुणीतरी हवं होतं.

"मी खेळव म्हणणार नाय," आपा म्हणाल्या. "तो हक्क मी शिट्टी खाली घेतली तेव्हा घालवला. तुझी पोर, तुझा निकाल." चहा मात्र दिला.

मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात कळलं की त्यांच्या नवऱ्याने धंदा ओमानला, सोहारला हलवलाय. गाडी भरली तो शुक्रवार, आणि अन्वीचा पहिला सामना दुसऱ्या दिवशी. नवीन पंच एक तरुण मुलगा होता. चांगला असेल, पण तो हात बघतो की चेंडू, मला कुठे माहीत?

इमारतीच्या पार्किंगमध्ये आपांचा नवरा "यल्ला, यल्ला" करत निघायची घाई लावत होता. मी आपांना विचारलं, "उद्या शिट्टी कोण वाजवणार?"

त्या सरळ समोरून आल्या आणि माझे दोन्ही हात अंगाशी दाबून मला घट्ट धरलं. मला डोळे पुसायचे होते, पण हातच हलेना.

"आपा, दोन्ही हात," मी म्हटलं.

"माहीत हाय. पण तुला पडू देत नाय."

गाडीजवळ झोयाच्या गळ्यात गळा घालून उभी असलेली अन्वी ओरडली, "आंटी, दॅट्स अ फ्री किक!"

आपांनी तरीही सोडलं नाही.