पेस्ट न लावणारे आप्पा

गाडी दारात आली की आप्पा बॉनेट उघडत, तेलाची पट्टी बाहेर ओढत आणि तिच्या टोकाचं तेल दोन बोटांत चोळून नाकाशी नेत. मग तोंड असं वाकडं करत, की मालकाला आपणच काहीतरी नासकं खाल्ल्यासारखं वाटावं. "श्शी! ह्ये त्याल हाय का गटार? सोता रोज आंगूळ करताय न्हवं?"

हणमंत आप्पा मूळचे कवठे महांकाळकडचे. घरी मेंढरं होती. ते सैन्यात गेले, तिथल्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं इंजिनं उघडली आणि निवृत्तीनंतर तासगावात, सांगली रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकलं. मी गावातल्याच कॉलेजात इंग्रजी शिकवतो. माझ्या स्कूटरमुळे आमची ओळख झाली. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पोरांच्या वह्या तपासताय सर, हिची वही कवा तपासनार?"

आप्पांना किळस फार. ग्रीसची नव्हे; त्यात ते कोपरापर्यंत बुडालेले असत. किळस चलाऊ कामाची. चुकीचा पाना लावून गोल केलेला नट दिसला की ते थुंकत. सगळ्यात जास्त घाण वाटायची ती गॅस्केटच्या पेस्टची. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, आणि खालचा ब्लॉक एकमेकांवर सपाट बसले नाहीत, तर काही मिस्त्री मधे जाड निळी पेस्ट थापतात आणि वरून आवळून टाकतात. काही दिवस गळत नाही. काही जागी पेस्ट लागतेही, पण हेडखाली लावणं आप्पांच्या लेखी पाप होतं. ते म्हणत, "जखम न धुता वर पावडर मारल्यागत हाय त्ये. वरनं गोरं, आत किडं."

मग रणधीरची गाडी आली. रणधीर म्हणजे तासगावातल्या द्राक्षांच्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजचा मालक, आणि आमच्या कॉलेजच्या अध्यक्षांचा पुतण्या. त्यानं कुठूनतरी एक जुनी जपानी गाडी आणली होती, एका ओळीत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असलेली. इंजिन तापून बंद पडलेलं. आप्पांनी बॉनेट उघडलं आणि ते तेलाची पट्टी ओढायचंच विसरले.

त्या इंजिनाची तांत्रिक माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. दर रविवारी मी ती वाचून मराठीत सांगायचो आणि आप्पा वहीत उतरून घ्यायचे. हेड लांबलचक, म्हणून तापलं की वाकतं; त्याचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं आवळायचे; पट्टी ठेवून सपाटी तपासल्याशिवाय मधला गॅस्केटचा पातळ पत्रा बसवायचा नाही. पुस्तिकेत सहा पिस्टन एकमेकांचे धक्के कसे जिरवतात ते आलं, तेव्हा आप्पांनी पेन खाली ठेवलं. "सा भाऊ एका घरात, आन् भांड्याला भांडं लागत न्हाई. लय शाना मानूस हुता गड्या ह्यो, ज्यानं ह्ये काढलं."

हेड त्यांनी स्वतः सांगलीला नेऊन घासून आणलं. इंजिन सुरू झालं तेव्हा त्यावर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी जेमतेम थरथरत होतं. रणधीरनं मात्र तोंड वाकडं केलं. "ए आप्पा, ह्याला आवाजच न्हाई! मागनं जाळ निघाय पायजे."

"जाळ चुलीतनं निघतोय," आप्पा म्हणाले. "माझ्या हातनं हुनार न्हाई."

रणधीरनं गाडी दुसऱ्या एका गॅरेजात नेली. तिथं जादा ताकदीसाठी हेड पुन्हा उघडलं गेलं. तीन आठवड्यांनी कवठे महांकाळच्या रस्त्यावर गाडी वाफा सोडत बंद पडली. ती ओढत आणून रणधीरनं आप्पांच्या दारात उभी केली. सोबत दहाबारा जण आणि तेवढेच मोबाईल रोखलेले. "फौजी म्हणं! ह्यानं माझं इंजिन खाल्लं, बघा सगळी!"

रविवार होता, मी तिथंच होतो. आप्पांनी इंजिन गार होऊ दिलं आणि सगळ्यांसमोर हेड उतरवलं. खाली निळी पेस्ट होती. थापलेली, चिरडून इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांत शिरलेली, शेंबडासारखी लोंबणारी. पाण्याला वाटच उरली नव्हती. आप्पांनी ती बोटावर घेतली आणि माझ्याकडे वळले.

"सर, तुमी पुस्तक वाचलंय. आमी काम केलं तवाबी हुता. मी हितं पेस्ट लावली हुती का? सांगा ह्यास्नी."

रणधीर माझ्याकडे बघून हसला. "सांगा की सर. अध्यक्ष काका इचारतच हुतं तुमच्याबद्दल."

मी चष्मा पुसला. म्हणालो, "आता... नक्की कसं सांगणार? मी काही मेकॅनिक नाही."

आप्पांनी ती पेस्ट फडक्याला पुसली. मग अगदी हळू म्हणाले, "आता तुमीबी लावली, सर."

व्हिडिओ गावभर फिरला. गिऱ्हाईक तुटलं. मी स्कूटर दुसरीकडे न्यायला लागलो, आणि जाण्यायेण्याचा रस्ताही बदलला. घरी मी त्याला "नको ती भानगड" म्हणत असे.

दीड वर्षानं आप्पा गेले. छातीत कळ आली आणि संपलं. दहाव्यानंतर गावात शोकसभा झाली. रणधीर पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत. उभा राहून म्हणाला, "आप्पा म्हंजी देवमानूस. माझ्या गाडीला त्यांचा हात लागला, ह्ये माझं भाग्य." लोकांनी माना डोलावल्या. मला किळस आली. ती त्याची आली असं मी खूप दिवस सांगत होतो. खरं म्हणजे, माझ्या खिशातही तसंच एक गोड भाषण लिहिलेलं होतं.

मी उभा राहिलो, पण तो कागद काढला नाही. गाडी कुणी बिघडवली, पेस्ट कुठल्या गॅरेजात लागली, आणि मी सगळं ठाऊक असून काय बोललो, ते सांगितलं. कुणीतरी खोकलं. रणधीर मोबाईल कानाला लावून बाहेर गेला.

सभा संपल्यावर मी आप्पांच्या पत्नीसमोर, सुलाबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. निदान त्या रडतील, असं वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"सर, त्येनी लय दिस तुमची वाट बघितली. मी म्हनायची, न्हाई यायचं त्ये. तर माझ्यावर खेकसायचं. म्हनायचं, येतील, शिकल्यालं मानूस हाय." त्यांनी पदर सावरला. "आज बोललासा त्ये कुनासाठी बोललासा?"

मी हात जोडले. त्या आत निघून गेल्या.