बॉबीकाकांचा सूर नेमका कुणाचा?

वायर नीट गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवा, आठ दिवसांनी काढा. गाठ! कुणी मारत नाही, आपोआप बसते. आमच्या दुकानातल्या किश्श्यांचं तसंच आहे. सरळ ठेवलेला एकही सरळ बाहेर येत नाही.

मी नाशिकरोडला अण्णांच्या साऊंड सर्व्हिसमध्ये काम करतो. इंजिनिअरिंग सेकंड इयरला सोडलं, त्यावर चर्चा नको. दुकानाबाहेर एक बाकडं आहे. त्यावर रिटायर्ड मंडळी बसतात आणि जगाचं कुठे चुकलं ते ठरवतात. कबड्डीच्या फायनलला मध्यंतरात नक्की काय झालं, हे सगळे मलाच विचारतात, कारण मिक्सरवर मी होतो. मिक्सरवर होतो म्हणूनच मला सगळ्यात कमी कळलंय!

*

बॉबीकाका म्हणजे देवळाली कॅम्पचे जुने रॉकस्टार. वय अडुसष्ट. तरुणपणी त्यांचा बँड होता, केस कमरेपर्यंत होते, आणि गाण्याच्या शेवटी ते एक सूर धरायचे. नुसता 'आ'. एका श्वासात.

"त्या सुरात माणूस बिडी पेटवून संपवायचा," इति अण्णा.

मागच्या वर्षी अण्णांनीच सांगितलं होतं, की त्या सुरात माणूस बिडी फक्त पेटवायचा. दर वर्षी सूर वाढतोय. या लोकांची तरुणाई आमच्या तरुणपणात वाढत चालली आहे, हाच मुळात प्रॉब्लेम आहे.

*

फायनलच्या मध्यंतरात काकांना गायला लावायचं, ही आयडिया अण्णांची. स्पर्धा भरवणारे भाऊ लगेच तयार झाले.

"गाणं किती मिनिटांचं आहे?" भाऊंनी विचारलं.

"नऊ," काका म्हणाले.

"मध्यंतर पाच मिनिटांचं असतं."

"मग?"

"मग अर्धं गा ना! उरलेलं बक्षीस समारंभाला घेऊ."

मी हसलो. माझ्याशिवाय कुणीच हसलं नाही. अर्धं कुठून कापायचं, यावर मोठी माणसं पाऊण तास बोलली.

*

मॅचच्या दिवशी अण्णांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, दम तुटतोय असं वाटलं, की इको चढव. आवाज लांबला पाहिजे. बॉबीला कळता कामा नये."

"म्हणजे फसवायचं?"

"सांभाळायचं म्हणतात त्याला!"

अण्णांची पिढी फसवण्याला सांभाळणं म्हणते, आणि आमच्यावर संस्कार नाहीत म्हणते.

*

आता मध्यंतर. आमची टीम पिंपळगावपेक्षा दोन गुणांनी पुढे. शिट्टी झाली, काका गिटार अडकवून स्टेजवर चढले, आणि भाऊंनी माइक घेतला.

"गाण्याआधी एक छोटासा सत्कार."

आधी काकांना शाल. मग ज्यांनी शाल दिली त्यांना शाल. मग नारळ. काकांच्या एका हातात गिटार, दुसऱ्या हातात नारळ, आणि शाल गिटारच्या पट्ट्यात अडकलेली. फोटोवाला म्हणाला, "पुन्हा एकदा देताना दाखवा." पुन्हा एकदा दिली!

पाचातली चार मिनिटं गेली. काकांनी नारळ अँपवर ठेवला, डोळे मिटले आणि थेट शेवटाला हात घातला. 'आ'.

*

या पुढचं नीट सांगतो, कारण गाठ इथेच आहे.

पंच होते सोनवणे सर. शाळेत आम्हाला पीटी शिकवायचे. वेळ झाली की स्वतःच्या लग्नातसुद्धा कुणासाठी थांबले नसतील असा माणूस. पाच मिनिटं झाली, सरांनी शिट्टी मारली, मॅच चालू. काकांचे डोळे मिटलेलेच. सूर चालू. आमचा रेडर पलीकडे शिरला.

आणि मला वाटलं, आता काकांचा दम तुटणार. मी इको चढवला.

सूर मैदानभर पसरला. रेडर 'कबड्डी कबड्डी' म्हणत होता की नव्हता, कुणालाच ऐकू आलं नाही. सरांनाही नाही. पंचाला ऐकू आलं नाही म्हणजे दम सोडला. सरांनी हात वर केला, पॉइंट पिंपळगावला. तिथून आमची पोरं बिथरली.

एका पॉइंटने हरलो. एका!

*

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर दोन पार्ट्या. अण्णा आणि शेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या शोभाताई काकांच्या बाजूने. विरोधात कुलकर्णी काका. ते कबड्डीवाले, गिटार म्हणजे त्यांच्या दृष्टीने बिघडलेली सतार.

"तुमच्या बॉबीमुळे हरलो," कुलकर्णी म्हणाले.

"बॉबीमुळे कसं?" अण्णा तापले. "त्याचा दम तर आधीच तुटला होता! पुढचा सगळा इको होता!"

शोभाताईंनी गाळणी खाली ठेवली. "काय बोलताय अण्णा? त्यांचा दम तुटला? तुम्ही त्यांचे फॅन ना?"

"फॅन आहे म्हणूनच वाचवतोय!"

"काही इको नव्हता," कुलकर्णी ओरडले. "या वयातही फुफ्फुसं घोड्यासारखी आहेत त्या माणसाची! काय तो सूर! असा सूर उभ्या आयुष्यात ऐकला नाही! त्यामुळेच हरलो!"

म्हणजे काकांचा दुश्मन त्यांची तारीफ करत होता आणि भक्त म्हणत होता की काका संपले. मी दोनदा मनात मांडून बघितलं. तरी उलटंच येत होतं.

"अरे, तू सांग ना," कुलकर्णी माझ्याकडे वळले. "माणूस कुठे संपला आणि मशीन कुठे सुरू झालं? डिग्री घेतली असतीस तर सांगता आलं असतं."

"हे सिलॅबसमध्ये नव्हतं काका. जे होतं, तेही समजलं नाही."

*

मग पुरावे आले. मैदानात शेकडो मोबाइल चालू होते, एक तरी उपयोगी पडेल की नाही?

अण्णांच्या व्हिडिओत सुरापेक्षा अण्णांचंच जास्त ऐकू येतं, "वा बॉबी, वा!" भाऊंच्या माणसाचा व्हिडिओ सत्काराचा आहे, शाल संपली तिथे व्हिडिओ संपला. कुलकर्णींनी पूर्ण पाच मिनिटं शूट केलं होतं. बोट कॅमेऱ्यावर ठेवून. आवाज तरी असेल म्हणून कान लावला, तर ते शेजारच्याला पार्किंग कुठे मिळालं ते विचारत होते.

आणि हेच लोक म्हणतात, आम्ही मोबाइलमुळे वाया गेलो!

*

इतके दिवस एक माणूस काहीच बोलला नव्हता. बॉबीकाका. शनिवारी ते गिटारची पेटी घेऊन दुकानात आले. मेंटेनन्ससाठी लाइट गेलेली. बाकड्यावर सगळे होते आणि नेमके सोनवणे सरही, शाळेच्या स्पीकरची चौकशी करायला आलेले.

"ए इंजिनिअर," काका म्हणाले, "तेरे अण्णाने मला सांगितलं इकोचं. खरं बोल. तो सूर माझा होता की तुझा? तुझा असेल तर ही पेटी इथेच ठेवून जातो. दे कुणाला तरी. मी पुन्हा चढणार नाही स्टेजवर."

मी आजपर्यंत एकाही म्हाताऱ्याला खरं सांगताना लाजलो नाही. पण खरं माहीत तर पाहिजे!

"काका, आईशप्पथ, मला नाही माहीत."

अण्णा खाली बघत होते. काकांनी वर दिव्याकडे बघितलं. दिवा बंद. मिक्सर बंद.

"आत्ता तर तुझा इको नाही ना?"

पेटी न उघडताच त्यांनी डोळे मिटले आणि सूर लावला. 'आ'. सुरुवातीला थोडा फाटला, मग सरळ झाला.

आणि सोनवणे सर! त्यांनी छातीभर श्वास घेतला, हात गुडघ्यांवर टेकले आणि सुरू केलं, "कबड्डी कबड्डी कबड्डी..."

शोभाताईंचा चहा उतू गेला. कुणी गॅस बंद केला नाही. काकांच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या, सरांचं तोंड लाल. "कबड्डी कबड्डी कब..." सरांचा आवाज बारीक होत गेला, ओठ नुसते हलायला लागले, आणि ठसका लागला. सर भिंतीला धरून खोकत राहिले.

सूर चालूच होता.

खोकता खोकताच सरांनी खिशातली शिट्टी काढून वाजवली आणि काकांच्या दिशेने हात करून एक बोट वर केलं.