सुभेदार हलेनात

आमच्या थोरल्या मामांइतका मुक्या जिवाचा जाणकार सबंध पलूस तालुक्यात दुसरा नाही, हे मी पैजेवर सांगतो. कुणी पैज लावलीच, तर मामा त्याला कुंडलच्या घरी नेतील, टेबलावरच्या काचेच्या भांड्यापुढे बसवतील आणि आत पानावर पहुडलेला तांबडा फायटर मासा दाखवून विचारतील, "सांगा, झोपलाय का रुसलाय?" उत्तर चुकलं तरी चहा मिळतो, पण बिस्किटाविना.

मामांच्या घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या फौजेत. तळपाय सपाट निघाले म्हणून एकटे मामा तेवढे भरतीतून परत आले आणि ऊस, म्हशी सांभाळत राहिले. ही कसर त्यांच्या एकुलत्या लेकीनं भरून काढली. ती फौजेत नर्सिंग अधिकारी झाली तेव्हा मामा पेढे वाटत पार आष्ट्यापर्यंत गेले, समोरच्याची ओळख असो वा नसो. उत्तरेला बदली झाल्यावर निघताना तिनं आपला लाडका मासा वडिलांच्या हवाली केला. "आबा, मी सुट्टीला येस्तवर ह्याला काय हुऊ देऊ नका," एवढंच म्हणाली. मामांनी त्याच दिवशी माशाला 'सुभेदार' केलं आणि अहोजाहो सुरू केलं. तेव्हापासून घरात कुणाचा आवाज चढला की, "हळू बोला, सुभेदार जरा पडल्यात," असा दम मिळतो.

हा मासा दिवसाचा बराच वेळ काहीच करत नाही, आणि त्या काहीच न करण्याचा मामांनी कसून अभ्यास केलेला आहे. स्टूल ओढून तासन्‌तास बघत बसतात. कल्ले संथ हलत असले आणि पर पसरलेले असले, म्हणजे विश्रांती. श्वास घ्यायला मधूनच वर येऊन पुन्हा पानावर टेकला, म्हणजे निव्वळ आळस. जेवल्याबरोबर आडवा झाला, म्हणजे तो मामांच्याच वळणावर गेलेला. एकदा मामींच्या माहेरच्या पाहुण्यांनी मासा हलावा म्हणून काचेवर टिचकी मारली. मामा शांतपणे म्हणाले, "पावणं, तुमी झोपल्यावर तुमच्या कपाळावर अशीच मारू का?" पाहुणे रात्री मुक्कामाला थांबणार होते, ते जेवून लगेच निघाले.

या घराची एक जुनी रीत आहे. फौजेतल्या माणसाला फोनवर 'बरा हायस का' असं विचारायचं नाही. विचारलं की त्याचं मन घराकडे ओढ घेतं आणि तो कच्चा पडतो, अशी समजूत. त्यामुळे मामा लेकीशी बोलत ते फक्त सुभेदारांविषयी. सुभेदार जेवले, सुभेदारांनी पर फुलवले, सुभेदारांना काचेत स्वतःचंच तोंड दिसलं आणि राग आला. एवढं झालं की फोन मामींकडे.

मग यंदाच्या थंडीत सुभेदार हलेनासे झाले. पर मिटून तळाशी बसले, दाण्याकडे बघेनात. मामांना वाटलं, सुभेदारांना लेकीची आठवण येते आहे. आजोबा सुट्टी संपवून पलटणीत गेले की त्यांचा खिलारी बैल वैरणीला तोंड लावायचा नाही, हे मामांनी लहानपणी पाहिलेलं. त्यांनी लेकीचा वर्दीतला फोटो तोंड आत करून काचेला चिकटवला. शिवाय घरातलं सगळ्यात चांगलं पाणी आजाऱ्याला मिळावं म्हणून रोज सकाळी माठातलं पाणी भांड्यात भरू लागले. सुभेदार आणखी गप्प झाले. फोनवर मामा मात्र "एकदम झकास हायेत" म्हणत आणि घाईनं फोन मामींच्या हातात देत.

एका रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होतो. मामींना राहवलं नाही. त्यांनी फोनचा कॅमेरा सरळ भांड्याकडे फिरवला.

"आबा, पाणी कुठलं घालताय?" तिकडून आवाज आला.

"माठातलं. आपुन पितो त्येच."

"आवं आबा, गारठलाय त्यो! त्याला कोमट पाणी लागतं. आठवणीनं न्हाई बसला, थंडीनं बसलाय."

मामांनी भांड्याच्या काचेला तळहात लावून पाहिला. मग त्यांनी मामींकडून फोन घेतला. "आन् तुला गं? तिकडं लय थंडी हाय का?"

भाकरी थापायला निघालेल्या मामी मागे वळल्या. या घरात हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता.

"लय हाय, आबा," ती म्हणाली. "बोटं सुजत्यात." आणि तिला रडू आलं.

"बरी हायस न्हवं पोरी?" मामांनी शेवटी विचारलंच. पुढे बापलेक खूप वेळ बोलत होते, आणि त्यात माशाचं नावसुद्धा नव्हतं. मामांचा अभिमान मला आधीपासून आहे, पण त्या दिवशीइतका कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांनी कोंबडीच्या पिलांना ऊब देतात तसला बल्ब आणून भांड्यावर टांगला, माठाचं पाणी बंद केलं. हळूहळू सुभेदारांनी पर उघडले. "फौजी गडी हाय, असा ऐकतोय व्हय!" असं मामा अख्ख्या गावाला सांगत सुटले.

लेकीला अजून सुट्टी मिळालेली नाही. फोन आला की मामा सुभेदारांना दाखवतात, पण त्याआधी विचारतात, "आज किती गार हाय?" ती खरं ते सांगते. त्यावर मामांना इथून काहीच करता येत नाही. नुसते ऐकून घेतात, आणि फोन ठेवल्यावर त्या बल्बच्या उबेला आपले हात धरून बसून राहतात.