झेनॉन आणि आमचं मिठागर

मी निघाले तेव्हा दारात दोन सुमो उभ्या होत्या. विमानात बसणारी मी एकटी आणि सोडायला येणारी माणसं चौदा. आईने माझ्या बॅगेत आमच्या आगरातलं जाडं मीठ घातलं होतं, किलोभर, बिस्किटांच्या डब्यात, वर चिकटपट्टी लावून. "तिकडचा मीठ कसा असल, कुनाला ठाव," ती म्हणाली. मी वैतागले. ग्लासगोला पीएचडीला चाललेल्या मुलीने मीठ घेऊन जायचं? विमानतळावरच्या माणसाने तो डबा उघडला, पांढरे खडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने एक खडा तोंडात टाकून दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली.

बाबा मात्र सोडायला आलेच नाहीत. जानेवारीतली पौर्णिमा होती, उधाणाचं पाणी आगरात घ्यायचा दिवस. "इमान थांबल, उधान थांबनार नाय," असं म्हणून ते पहाटेच आगरात गेले होते. आमच्या गाड्या सुटायच्या वेळेला गुडघाभर चिखलाचे पाय घेऊन धावत आले आणि खिडकीतून एवढंच बोलले, "मीठ पडला का कलव."

बाहेरच्यांसाठी सांगते. उन्हाने पाणी आटलं की आगरात तळाशी मीठ धरतं, त्याला मीठ पडणं म्हणतात. बाबा हेच सगळ्या कामांना लावायचे. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हाही त्यांनी मार्क विचारले नाहीत, विचारलं, "मीठ पडला का?" हे मी गावातल्या तुम्हां सगळ्यांसाठी लिहिते आहे आणि माझ्यासारख्या दूर जाऊन बसलेल्यांसाठीही. बाबांना मी काय कळवलं, ते तुम्हांला ठाऊक असावं असं मला वाटतं.

मी गेले ती भूल देण्याच्या वायूंवर काम करायला. तिथे झेनॉन भेटला. शाळेच्या पुस्तकात त्याला राजवायू म्हणायचे, म्हणजे जो कुणात मिसळत नाही, कुणाशी संयोग करत नाही. आमच्या भावकीत अशी माणसं भरपूर, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नव्हतं. पण हा वायू हुंगला की थेट मेंदूपर्यंत पोचतो, आणि तिथे पेशींची जी नासधूस चालू असते ती थोडी शांत करू शकेल अशी आशा होती. ज्या आजारांत माणूस हळूहळू स्वतःलाच विसरत जातो, त्यांत याचा उपयोग होईल का, हे आम्ही उंदरांवर पाहत होतो. पेटीत उंदीर ठेवायचे, ठरावीक वेळ झेनॉन आणि ऑक्सिजनची हवा द्यायची आणि काही आठवड्यांनी त्यांना किती आठवतं ते तपासायचं. पीएचडी संपली, मी त्याच लॅबमध्ये राहिले.

तेवढ्यात तोच आजार आमच्या घरी आला. आधी बाबा किल्ल्या विसरले, मग पनवेलच्या स्टँडवरून घरची वाट. आमचं आगर तोवर सरकारी भूसंपादनात गेलं होतं. उलव्याच्या बाजूला जिथे पाणी चमकायचं, तिथे मातीचे डंपर ओतले जात होते आणि बाबा रोज सकाळी त्या भरावावर जाऊन उधाणाची वाट पाहत उभे राहायचे. आई त्यांना हात धरून परत आणायची. फोनवर त्यांना माझं नाव आठवत नसे, पण प्रश्न आठवे. "मीठ पडला का?" मी म्हणायची, "अजून नाही, बाबा." फोन ठेवून मी रडायची, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि मीठ खरंच पडत नव्हतं. एकाच पेटीतला एक उंदीर सुधारायचा, शेजारचा जैसे थे. दोन बॅच अशा वाया गेल्या. माझी बॉस मार्गारेट भली बाई, पण तिनेही सांगून टाकलं की झेनॉन फार महाग पडतो, तिसरी बॅचही अशीच निघाली तर हे काम बंद करायचं. मी दहा दिवसांची रजा टाकून घरी आले. खरं तर पळूनच आले.

घरी बाबांचा एकच हट्ट, आगरात जायचं. आपलं आगर राहिलेलं नाही हे त्यांना कितीदा सांगणार? शेवटी मी त्यांना रिक्षात घातलं आणि उरणच्या बाजूला त्यांच्या एका जुन्या मित्राचं आगर अजून चालू होतं, तिथे नेलं. न्हावा शेवा बंदराच्या कंटेनर-ट्रकांच्या रांगेत तासभर अडकलो, बाबा तेवढा वेळ खूश होते. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. मी बांधावर बसले, बोट बुडवून पाणी चाखलं आणि म्हटलं, "गेलं की हो सगळं. अळणी झालं."

बाबांनी माझं मनगट धरलं आणि हात कोपरापर्यंत खाली दाबला. "वरचा पानी नको चाखू," ते म्हणाले. "वरचा पावसाचा हाय. खारा जड, तो तलाला बसलाय. ढवलू नको. वरचा हलूहलू भायेर सोडून दे." मी तळाला टेकलेलं बोट चाटलं. जीभ कडू झाली इतकं ते खारं होतं. मग माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, "कुनाची गं तू, पोरी?"

"तुमचीच," मी म्हणाले. पण त्या क्षणी माझं डोकं ग्लासगोत पोचलं होतं. झेनॉन हवेपेक्षा चौपटीहून जास्त जड. तो वाया जाऊ नये म्हणून आम्ही तो पेटीत अगदी हळू सोडत होतो. आणि हवेतला झेनॉन मोजायचा सेन्सर होता पेटीच्या झाकणाला, वर. तो तिथे लावायचं ठरवलं होतं कुणी? मी. मिठागरात वाढलेल्या मुलीने. वर दिसणारा आकडा खरा धरून मी त्या आकड्याकडे बघत वायू सोडत होते, आणि झेनॉन तळाला बसत होता. तळाशी झोपणाऱ्या उंदराला भरपूर मिळायचा, पेटीच्या वरच्या जाळीला लोंबकळणाऱ्याला जवळपास काहीच नाही. मला त्या बांधावरच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

परत गेल्यावर मी मार्गारेटला काचेच्या भांड्यात खारं पाणी आणि वर साधं पाणी घालून दाखवलं, खालचं पाणी रंगवून. मीठ अर्थातच आईच्या डब्यातलं. ती भांड्याकडे बघत म्हणाली, "या पेटीपाशी दोन वर्षं उभी होते मी, आणि मला हे दिसलं नाही." आम्ही पेटीत लहानसा पंखा बसवला, सेन्सर उंदराच्या नाकाच्या पातळीवर आणला. आगरात ढवळायचं नसतं, पेटीत मात्र ढवळणं भाग होतं. तिसऱ्या बॅचचे आकडे एकमेकांना धरून आले. मग चौथीचे. मग दुसऱ्या शहरातल्या लॅबने आमची पेटी जशीच्या तशी बांधली, आणि त्यांचेही तसेच आले. झेनॉन घेतलेले उंदीर वाट विसरत नव्हते. काम बंद झालं नाही, उलट वाढलं.

हे औषध झालेलं नाही, हे स्पष्ट सांगते. उंदरापासून माणसापर्यंत फार लांब जायचंय, आणि बाबांना याचा उपयोग होणार नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पण परिषदेत हे काम मांडायला उभी राहिले तेव्हा माझा पहिला फोटो मिठागराचा होता, बांधावर उकिडव्या बसलेल्या बाबांचा. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता, आणि माझी छाती अशी फुगली होती की पहिलं वाक्य धड बोलता येईना.

आता घर कुठे, असं मला इथेही विचारतात आणि तुम्हीही विचारता. आगर गेलं, बांध गेले, गावाच्या कडेला चौदा मजले उभे राहिले. पण कुठलाही आकडा समोर आला की माझा हात आपोआप तळाकडे जातो. ज्याने तो धरून खाली दाबला तो माणूस जिथे बसलाय, ते माझं घर.

त्या परिषदेहून मी आईला फोन लावला. तिने तो बाबांच्या कानाला धरला. मी कोण हे त्यांना कळलं नव्हतं, तरी प्रश्न आलाच.

"पडलं, बाबा," मी म्हणाले. "चांगलं पडलं."

पलीकडून माझ्या लहानपणीचा, आगरातला, तोच करडा आवाज आला, "मंग बसून काय रायलीस? पोत्यात भर. उघड्याव ठेवू नको."